ऊब कोणाच्या मालकीची?

पुण्याच्या पूर्वेस शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव वसले आहे. या गावाच्या शिवारात, नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर, १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांची नावे या कार्याशी कायमची जोडली गेली आहेत. ताम्रपाषाण युगातील एक नांदते खेडे त्यांनी मातीखालून वर काढले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेले आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ओस पडलेले हे खेडे म्हणजे महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांचे गाव होय. तेथे सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. त्यांतून घरे कशी बांधीत, काय पिकवीत, चूल कोठे मांडीत, मृतांना कसे पुरीत, याचे बारकाईने तपशील हाती आले.

या सर्व अवशेषांत सामान्य वाचकाला विचार करावयास लावतील असे दोन आहेत. एक, पुराचे पाणी वळविण्यासाठी खणलेला सुमारे २०० मीटर लांबीचा पाट. आणि दुसरा, वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांच्या मोठ्या घरालगत सापडलेले धान्याचे कोठार. पाट कोणा एकट्यादुकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. अनेकांनी मिळून खणल्यावाचून आणि दर पावसाळ्यानंतर गाळ काढल्यावाचून तो टिकत नाही. कोठारही एका कुटुंबाच्या पोटापुरते नव्हते. लगतचे घर गावप्रमुखाचे असावे आणि गावाचे धान्य त्याच्या देखरेखीखाली साठविले जात असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीतही सामायिक वस्तू होती. आणि सामायिक वस्तू आली की तिच्यामागोमाग येणारा प्रश्नही होता. कोठाराची किल्ली कोणाजवळ?

हा प्रश्न पुरातत्त्वाचा म्हणून येथे मांडलेला नाही. इनामगावापासून काही कोसांवर असलेल्या पुणे-अहिल्यानगर रस्त्याने आज प्रवास केला, तर वाघोलीपासून शिक्रापूर, रांजणगाव आणि थेट शिरूरपर्यंत दुतर्फा नव्या वसाहती उभ्या राहताना दिसतात. रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रामुळे आणि पुण्याच्या वाढत्या पसाऱ्यामुळे ज्वारी-बाजरीच्या रानांवर बहुमजली घरे उगवत आहेत. या घरांत राहावयास येणाऱ्यांना पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाण्याची वाट सामायिक मिळणार, हे आपण गृहीत धरतो. स्नानाचे ऊन पाणी मात्र ज्याचे त्याने आपापल्या न्हाणीघरात तापवावे, हेही आपण तितक्याच सहजपणे गृहीत धरतो. ऊबही पाण्यासारखी नळाने आणता येते, एका ठिकाणी निर्माण करून शेकडो घरांना पुरविता येते आणि तसे केल्यास कोळशाचा धूर पुष्कळ कमी होतो, हा विचार आपल्या नगररचनेत अद्याप रुजलेला नाही. तो रुजावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु त्याआधी किल्लीचा प्रश्न सोडविला पाहिजे, हेही तितक्याच आग्रहाने सांगावेसे वाटते.

बंब ते गिझर

ज्यांचे बालपण जुन्या वाड्यात गेले, त्यांना तांब्याचा बंब आठवत असेल. पहाटे त्यात ढलप्या, नारळाच्या शेंड्या, गोवऱ्यांचे तुकडे पडत. घरातला कोणी कर्ता माणूस किंवा थोरली सून तो पेटवी आणि मग वयाच्या, शाळेच्या व कचेरीच्या क्रमाने एकेकाची आंघोळ होई. एक बंब अख्ख्या कुटुंबाला पुरे. धूर डोळ्यांत जाई, लाकूड जळे, कष्ट पडत ते बहुधा बायकांना; तेव्हा त्या बंबाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. विस्तव एक होता आणि त्याभोवती वापराची शिस्त होती. कोणी विसण न घालता दोन बादल्या कढत पाणी उपसले, तर मागच्याला गार पाण्याने आंघोळ करावी लागते, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

कुटुंबे लहान झाली, वाडे पडले, सदनिका आल्या आणि बंबाची जागा विजेच्या किंवा गॅसच्या गिझरने घेतली. कळ दाबताच पाणी तापू लागले. सोय झाली यात संशय नाही. परंतु एका विस्तवाचे दोनशे विस्तव झाले आणि ते सारे सकाळी सहा ते आठ या दोन तासांतच पेटू लागले. महावितरणच्या तारांवर आणि दूरच्या औष्णिक केंद्रांवर याचा भार पडतो. तो आपल्या डोळ्यांसमोर नसल्यामुळे आपल्याला जाणवत नाही, एवढेच.

सौर बंब हा यावरचा उपाय म्हणून आला आणि काही काळ त्याने आशा दाखविली. सूर्यप्रकाश विपुल असलेल्या आपल्या प्रदेशात तो सर्वथा योग्यच होता. पुणे महापालिकेने अशी योजना राबविणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देऊ केली. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीतही सौर ऊर्जेची तरतूद आहे. तरीही पुष्कळशा गच्च्यांवर काय आढळते? गेल्या हिवाळ्यात एका आप्तांकडे, नगर रस्त्यावरच्या एका वसाहतीत, मुक्कामाचा योग आला. गच्चीवर सौर बंबांची रांग होती. काचा फुटलेल्या, नळ्यांवर पांढरे क्षार साठलेले, टाकीचे वेष्टन उन्हाने चिरफाळलेले. खाली प्रत्येक न्हाणीघरात विजेचा गिझर होता. चौकशी करता कळले ते असे: बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळविण्यासाठी विकासकाने बंब बसविले, पहिली दोन वर्षे ते चालले, वरच्या मजल्यांना पाणी लवकर मिळे, खालच्यांना नळ सोडून वाट पाहावी लागे, मग खालच्यांनी देखभालीची वर्गणी देण्यास नकार दिला, पुढे बंबच बंद पडले. यंत्रात दोष नव्हता. सूर्य तर रोज उगवतच होता. मोडली होती ती आपापसांतली व्यवस्था.

हिशेब काय सांगतो?

सामायिक उष्णतेचा पक्ष भावनेवर उभा करण्याची गरज नाही. साधे अंकगणित त्याला पुरेसे आहे. शंभर लिटर पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढविण्यासाठी सुमारे २.९ युनिट ऊर्जा लागते. चारपाच माणसांच्या कुटुंबाला हिवाळ्यात रोज एवढे ऊन पाणी लागते असे धरू. दोनशे सदनिकांच्या वसाहतीची रोजची गरज सुमारे ५८० युनिट झाली. प्रत्येक घरी दोन किलोवॉटचा गिझर असेल आणि सकाळी एका वेळी त्यांतले निम्मेच चालू असतील, असे धरले तरी २०० किलोवॉटचा भार एकदम अंगावर येतो. रोहित्र, तारा, वीजकेंद्र हे सारे त्या अल्पकाळच्या गरजेच्या मापाने उभारावे लागते.

आता याच वसाहतीत वीस हजार लिटरची एक उत्तम वेष्टित टाकी आहे आणि तिला उष्णतापंप जोडला आहे, अशी कल्पना करा. उष्णतापंप म्हणजे उलट्या कामाला लावलेले शीतकपाट. शीतकपाट आतली उष्णता शोषून बाहेर टाकते. हा पंप भोवतालच्या हवेतली किंवा पाण्यातली उष्णता शोषून टाकीत आणून सोडतो. एक युनिट वीज खर्चून तो साधारणपणे तीन युनिट उष्णता देतो, कारण उरलेली दोन त्याने निर्माण केलेली नसतात, भोवतालातून उचललेली असतात. म्हणजे ५८० युनिटांचे काम सुमारे १९५ युनिट विजेत होते. ते दिवसाच्या आठ तासांत सावकाश केले, तर भार २०० किलोवॉटवरून २५ किलोवॉटच्या आत येतो. आणि दिवस असल्यामुळे तेवढी वीज गच्चीवरच्या सौर पट्ट्यांतूनही मिळू शकते. आपल्या देशात सरासरी एक युनिट विजेमागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. हा आकडा लक्षात घेता, ऐन थंडीत एका वसाहतीमागे रोज अडीच क्विंटलांहून अधिक कर्बवायू वाचेल.

हा हिशेब एका बाजूचा झाला. दुसरी बाजू सांगितली नाही तर वाचकांची दिशाभूल होईल. ऊन पाणी नळांतून फिरविले की वाटेत ते निवते. दोनशे सदनिकांना पुरविणारी नळवाहिनी जाऊन-येऊन एक किलोमीटर लांबीची धरली आणि वेष्टन असूनही मीटरमागे दहा वॉट उष्णता वाया जाते असे मानले, तर अहोरात्र पाणी फिरविल्यास २४० युनिट उष्णता भिंतींना दिली जाईल. वसाहतीच्या गरजेचा हा जवळजवळ दोन पंचमांश भाग झाला. मातीच्या पाटातून जसे पाणी झिरपते तशी नळातून ऊब झिरपते. शिवाय साठविलेले कोमट पाणी जंतूंना मानवते. म्हणून टाकीतले तापमान ६० अंशांच्या आसपास राखावे लागते. तेव्हा जाड वेष्टन, आखूड मार्ग, ठराविक वेळांतच पुरवठा आणि टाकीच्या तापमानावर नजर ही चार पथ्ये पाळल्याखेरीज सामायिक ऊब परवडणार नाही.

जेथे घरे पसरलेली आहेत, तेथे दुसरी रीत अधिक सोयीची ठरते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हा आपल्या शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. वास्तविक पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. बदलते ती वरची हवा. जमिनीच्या पोटातले हे जवळजवळ स्थिर तापमान घेऊन पाणी साऱ्या वसाहतीत फिरवायचे आणि प्रत्येक घरी किंवा प्रत्येक इमारतीत लहानसा उष्णतापंप ठेवून हवी तेवढी उष्णता त्यातून उचलायची, अशी ही पद्धत आहे. फिरणारे पाणी भोवतालच्या मातीइतकेच कोमट असल्याने वाटेतली गळती नगण्य होते. आणखी एक लाभ असा की, चैत्र-वैशाखात वातानुकूलन यंत्रे घरातली जी उष्णता बाहेर फेकतात, ती याच पाण्यात सोडता येते व शेजारच्या घरातल्या स्नानासाठी वापरता येते. आज ती उष्णता आपण खिडकीबाहेर, शेजाऱ्याच्या अंगावर सोडतो! आपल्याकडे थंडी थोडी आणि ऊन फार. म्हणून युरोपची नक्कल न करता गारवा आणि ऊब यांचा एकत्र विचार करणारी ही रीत आपल्या नव्या वसाहतींना अधिक शोभेल.

दोन देश, दोन अनुभव

सामायिक उष्णतेचा प्रयोग जगाला नवा नाही. न्यूयॉर्क शहरात १८८२ पासून रस्त्याखालच्या नळांतून वाफ विकली जात आहे. आइसलँडमधील राइक्याविक शहराने १९३० मध्ये उन्हाळ्यांचे, म्हणजे भूगर्भातल्या उष्ण झऱ्यांचे, पाणी नळाने आणून घरे उबदार करण्यास आरंभ केला. परंतु आपल्याला धडा घ्यावयाचा आहे तो डेन्मार्क आणि ब्रिटन या दोन देशांकडून.

१९७३ च्या तेलसंकटाने डेन्मार्कचे डोळे उघडले. १९७९ मध्ये त्या देशाने उष्णतापुरवठ्याचा स्वतंत्र कायदा केला. कोणत्या भागात सामायिक उष्णतावाहिनी घालावयाची हे नगरपालिकांनी आधी आखावे आणि उष्णतेचा दर तिच्या खर्चाएवढाच असावा, तिच्यावर नफा घेऊ नये, ही त्या व्यवस्थेची मुख्य तत्त्वे. तेथील अनेक उष्णतासंस्था ग्राहकांच्याच मालकीच्या, सहकारी आहेत. इतर पुष्कळशा नगरपालिकांच्या आहेत. आज तेथील सुमारे दोन तृतीयांश घरांना अशी ऊब मिळते. कोळशाऐवजी काडीकचरा, काडीकचऱ्याऐवजी सूर्य किंवा उष्णतापंप, असा इंधनात बदल करावयाचा झाल्यास तो एकाच ठिकाणी करावा लागतो. हजारो घरांच्या दारात जाण्याची गरज पडत नाही.

ब्रिटनचा अनुभव निराळा आहे. तेथे नव्या इमारतींत सामायिक उष्णता आली, पण दीर्घकाळ तिच्यावर नियामक नव्हता. सदनिका घेणाऱ्याला पुरवठादार बदलण्याची मुभा नव्हती, कारण नळ एकच होता. २०२२ मध्ये गॅसचे भाव कडाडले तेव्हा घरगुती गॅसग्राहकांना किंमतमर्यादेचे संरक्षण होते. मात्र सामायिक उष्णतेसाठी गॅस व्यापारी दराने घेतला जात असल्याने त्या ग्राहकांना ते संरक्षण लागू नव्हते. लंडन परिसरातल्या अशा इमारतींत राहणाऱ्यांत मराठी कुटुंबेही आहेत. घर नवे, तंत्र आधुनिक, आणि बिल मात्र जुन्या घरांपेक्षा अवाच्या सवा, अशी अनेकांची गत झाली. अखेर २०२३ च्या ऊर्जा कायद्याने हा व्यवसाय नियामकाच्या कक्षेत आणला. यंत्रशास्त्र दोन्ही देशांत एकच होते. फरक पडला तो मालकीचा आणि दर ठरविण्याच्या अधिकाराचा.

आपल्या मातीतले दाखले

मग आपल्याला हे झेपेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर दुरून आणण्याचे कारण नाही. घोड-भीमेच्या खोऱ्यात आणि विशेषतः दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची चुलवाणे आजही धगधगतात. उसाचे चिपाड जाळून त्याच उसाचा रस आटविणे, ही आपल्या शेतकऱ्याची जुनी विद्या. साखर कारखान्यांनी तीच विद्या मोठ्या प्रमाणावर नेली. उसाच्या वजनाच्या सुमारे तीन दशांश निघणारे भुसकट बाष्पकात जाळावयाचे, त्या वाफेने आधी जनित्र फिरवून वीज करावयाची आणि फिरवून झालेल्या वाफेतल्या उरलेल्या उष्णतेने रस उकळावयाचा. एका उष्णतेचा दोनदा उपयोग करणारा हा कारखाना म्हणजे सामायिक उष्णतावाहिनीच होय. फक्त ती कुंपणाच्या बाहेर गेलेली नाही. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ केली गेली आणि ती नळांनी भटारखान्यात नेऊन हजारो भाविकांचे अन्न शिजविले गेले. म्हणजे एके ठिकाणी ऊब करून दुसरीकडे नेणे आपल्या कारागिरांना परके नाही.

येथे एक सावधगिरी हवी. काही गुऱ्हाळांत चिपाडाऐवजी प्लास्टिकचा कचरा जाळला जातो, अशा तक्रारी दौंड परिसरात वारंवार झालेल्या आहेत. विस्तव सामायिक असला म्हणजे तो आपोआप स्वच्छ होत नाही. उलट एकाच धुराड्यातून साऱ्या वसाहतीला घातक धूर मिळू शकतो. म्हणून जळण कोणते, हे पाहण्याचा अधिकार त्या उबेत राहणाऱ्यांना हवा.

व्यवस्थेचे दाखले तर आपल्याकडे यंत्रांहून जुने आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर फड पद्धतीने शतकानुशतके सामायिक पाणी वाटले गेले. पाणी कोणाच्या वाफ्यात केव्हा सोडावयाचे हे पाटकरी पाही; शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. अलीकडच्या काळात नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात, ओझर परिसरातल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. हे शेतकरी कालव्याच्या शेवटाला असलेले, त्यामुळे पाण्यावाचून राहिलेले. त्यांनी पाणी मोजून घेण्यास आणि मोजून वाटण्यास सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा कायदाच केला.

वर सांगितलेल्या वसाहतीतले खालच्या मजल्यावरचे रहिवासी आणि कालव्याच्या शेवटाचे शेतकरी यांची तक्रार एकच आहे. सामायिक वस्तूत ज्याला सर्वांत शेवटी मिळते, त्याचाच विश्वास आधी उडतो. आणि त्याने हात काढून घेतला की सारी व्यवस्था ढासळते. म्हणून वाहिनी आखताना विचार शेवटच्या घरापासून सुरू केला पाहिजे.

आधी करार, मग नळ

सामायिक उबेची योजना कागदावर येण्यापूर्वीच काही गोष्टी ठरल्या पाहिजेत. पहिली गोष्ट मालकीची. टाकी, पंप आणि नळ ही वसाहतीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची मालमत्ता असावी. चालविण्याचे काम एखाद्या कंपनीला ठरावीक मुदतीने द्यावे; पण किल्ली संस्थेकडे राहावी. विकासकाने दीर्घ मुदतीचा करार आधीच करून रहिवाशांना त्यात बांधून टाकणे, हे कायद्याने अशक्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट मापाची. प्रत्येक घराला मिळालेली उष्णता मोजली गेली पाहिजे. केवळ लिटर मोजून भागत नाही, कारण कोमट शंभर लिटर आणि कढत शंभर लिटर यांची किंमत एक नव्हे. न मोजलेल्या सामायिक वस्तूत काटकसर करणारा मूर्ख ठरतो आणि उधळणारा शहाणा. बिलाचे दोन भाग असावेत: देखभालीचा स्थिर आकार सर्वांना आणि वापराचा आकार ज्याचा त्याला.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. पंपाचे आयुष्य इमारतीपेक्षा पुष्कळ कमी असते. तो बदलण्याची वेळ येईल तेव्हा लाखो रुपये कोठून आणावयाचे, हे पहिल्या महिन्यापासूनच्या वर्गणीत धरले पाहिजे. संस्थांचा सिंकिंग फंड असतो. त्यात उष्णतेचे वेगळे खाते असावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील व सेवासुविधांतील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर आहे. उष्णतावाहिनी ही त्या अर्थाने सेवाच आहे, हे महारेराने निःसंदिग्धपणे स्पष्ट करावे.

चौथी गोष्ट नियमनाची. विजेचा दर ठरविण्यास राज्यात वीज नियामक आयोग आहे. उष्णतेच्या विक्रीवर देखरेख करणारे आपल्याकडे कोणी नाही, कारण ती अजून विकली जात नाही. ब्रिटनने आधी विक्री होऊ दिली आणि मग नियामक नेमला. आपल्याला तो क्रम उलटा करण्याची संधी आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मोठ्या वसाहतींना परवानगी देताना उष्णतेचा आराखडा मागावा, परंतु त्या आराखड्याबरोबर मालकी, दर आणि देखभाल यांचा करारही मागावा. केवळ गच्चीवरची यंत्रे मोजून दाखला देण्याची पद्धत बंद व्हावी. दाखल्यासाठी बसविलेले यंत्र दाखल्यापुरतेच टिकते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सहकाराचे गुणगान आपण पुष्कळ केले, पण कित्येक सहकारी संस्थांची अवस्था काय झाली? गटबाजी, थकबाकी, वर्षानुवर्षे खुर्चीला चिकटलेले पदाधिकारी हे सारे गृहनिर्माण संस्थांतही आहे. सर्वसाधारण सभेस वीस माणसे जमत नाहीत आणि पाण्याचा पंप बिघडला की सारे चिटणीसाच्या दारात उभे राहतात. अशा लोकांच्या हाती ऊब कशी द्यावी? याला उत्तर एवढेच की, पर्यायही निर्दोष नाही. कंपनीच्या हाती एकमेव नळ गेला तर काय होते ते ब्रिटनने पाहिले. प्रत्येकाने आपापला गिझर चालवावा म्हटले, तर त्याची किंमत आपण कोळशाच्या राखेत आणि तापलेल्या हवेत मोजतोच आहोत; फक्त ती बिलावर छापलेली नसते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही शेतकऱ्यांना कारखाना चालविता येणार नाही, असेच पुष्कळांना वाटत होते. व्यवस्था चालविण्याची विद्या व्यवस्था चालवूनच येते. मात्र मोजमाप, हिशेब आणि तपासणी यांची शिस्त तिच्या पायात घातली पाहिजे. प्रवरेला गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाची जोड मिळाली होती, हे विसरून चालणार नाही.

सगळीकडे एकदम हे करावे, असेही म्हणणे नाही. जुन्या इमारती फोडून नळ घालणे खर्चाचे आणि त्रासाचे आहे. नव्या वसाहतीत मात्र जमीन उकरलेलीच असते. पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ जेथे जातो, तेथेच हा आणखी एक नळ जाऊ शकतो. एकदा रस्ते झाले आणि भिंती लिंपल्या की ती संधी पन्नास वर्षांसाठी जाते. शिरूर-दौंडच्या रानांवर आज जी चुन्याची फक्की पडते आहे, ती म्हणूनच महत्त्वाची. वसतिगृहे, रुग्णालये, कामगारांच्या वसाहती आणि अल्प उत्पन्न गटाची घरे यांपासून आरंभ करावा. जेथे गिझर परवडत नाही आणि आजही पहाटे काटक्यांवर पाणी तापते, त्या घरातल्या बाईला या योजनेचा पहिला लाभ झाला, तर त्यासारखे दुसरे समाधान नाही.

इनामगावच्या उत्तरकाळात तेथील ऐसपैस चौकोनी घरे नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होत गेल्याने शेती खालावली आणि माणसे गरीब झाली, असे ढवळीकरांनी त्याचे कारण दिले आहे. निसर्ग फिरला तेव्हा त्या लोकांच्या हाती फारसे काही नव्हते. आज हवामान पुन्हा बदलते आहे आणि या खेपेस त्याला आपला धूर कारणीभूत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या हाती यंत्रे आहेत, कायदे आहेत, सहकाराचा बराबुरा अनुभव आहे. त्या ताम्रपाषाणकालीन खेड्यातल्या माणसांनी एकत्र येऊन पाट खणला होता. त्यांच्याच शिवारालगत घरे बांधणाऱ्या आपल्याला एक कोमट पाण्याचा नळ एकत्र येऊन सांभाळता येईल की नाही, याचा निर्णय पुढच्या काही वर्षांत व्हावयाचा आहे. तो निर्णय गच्चीवर होणार नाही. तो संस्थेच्या सभेत होईल. आणि त्या सभेला आपण हजर होतो का, एवढेच काय ते पुढची पिढी विचारील.